परत आलेली नाव

सिनेमा संपल्यावर माणसं कशी रडतात ते त्या दुपारी सांगलीच्या थिएटरात मी पाहिलं, आणि मला त्यांची कीव आली नाही. किळस आली, असं लिहिलं तर ते जास्त खरं होईल. माझ्या पुढच्या रांगेतला एक दाढीवाला गडी एका हातानं डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून आपलं डोळे पुसणं टिपत होता. पहिलं रडणं त्याच्या मनासारखं आलं नसावं, कारण ते काढून टाकून त्यानं पुन्हा रडायला घेतलं. त्याच्या पलीकडे कॉलेजातल्या चार मुली एकसारखे काळे टी-शर्ट घालून बसल्या होत्या. पाठीवर नायिकेचं चित्र होतं. छापणाऱ्यानं तिला लग्नपत्रिकेतल्या नवरीचा चेहरा दिला होता, पण ते त्यांना खटकलेलं दिसत नव्हतं. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मग सुट्या झाल्या, मग फोटोसाठी पुन्हा पडल्या.

एका परदेशी अद्भुत कादंबरीवरचा हा तिसरा आणि शेवटचा सिनेमा, हिंदीत डब केलेला. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची. युद्धात मेलेल्यांच्या सावल्या ती आपल्या नावेतून काळ्या नदीच्या पलीकडे पोचवते. शेवटी राज्य वाचवायचं तर कुणीतरी पलीकडेच राहायला हवं, आणि ती राहते. पडदा पांढरा होतो. आपले लोक मात्र पडदा पांढरा झाल्याबरोबर मोबाइलसाठी खिशात हात घालतात.

रडणारे तरी बरे म्हणायचे. खरा ताप चिडलेल्यांचा होता. खाली गाड्या लावायच्या जागेत दोघे मोटारसायकलला टेकून भांडत होते.

"पार माती केली गड्या. ती परत येती. पुस्तकात येती."

"तू कवा वाचलंस रं पुस्तक?"

"सातवीत. शाळंच्या पुस्तकांच्या पेटीतलं."

"सातवीतलं पाढं तुला येत न्हाईत आन् ह्ये आठवतंय व्हय?"

"पाढ्यात पोरगी नव्हती."

हसण्यासारखं होतं. मी हसलो नाही. तो मोटारसायकलवाला खरं बोलत होता. त्यानं वाचलेल्या पुस्तकात ती परत येते. मूळ इंग्रजी पुस्तकात येत नाही. जगातल्या कुठल्याही भाषेत येत असेल असं मला वाटत नाही. ती फक्त मराठीत परत आली, आणि तिला परत मी आणलं.

बावीस वर्षांपूर्वी मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजीचा नवा प्राध्यापक होतो. शाळांच्या वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या इथल्याच एका प्रकाशकासाठी मी हे तिन्ही खंड मराठीत केले. त्यानं मूळ लेखकाची परवानगी घेतली होती की नाही, ते मी विचारलं नाही. तिसरा खंड चालू असताना त्यानं निरोप धाडला, की शाळा उघडायच्या आत पुस्तक हवं आणि ते अमुक पानांत बसायला हवं. माझी तीस पानं उरली होती. शेवटच्या प्रकरणाची पहिली ओळ मी वाचली. नाव पलीकडच्या काठाला लागली, एवढं कळलं. पुढं वाचायचा कंटाळा आला. मग मी माझ्या मनानं दीड पान लिहिलं. नाव परत येते, घाटावर लोक जमलेले असतात, ती ओल्या पायांनी पायऱ्या चढते आणि गाव तिला ओळखतं.

अनुवादकानं मेलेल्या मुलीला जिवंत ठेवलं म्हटलं की लोकांना त्यात माया दिसते. माया नव्हती. खेड्यातल्या शाळेत हे पुस्तक जाणार, तिथं मूळ पुस्तक काढून कोण ताडून बघतंय, एवढाच विचार होता. मी ज्यांच्यासाठी लिहीत होतो त्यांना मी अडाणी धरलं होतं. नंतरची बावीस वर्षं मला या गोष्टीची आठवण झाली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवण होत होती. लाज वाटत नव्हती.

त्या दुपारी मी थिएटरात होतो तो पाहुणा म्हणून. आष्ट्याच्या एका शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला बोलावलं होतं. वय चौतीस-पस्तीस. त्यांनीही सातवीत असताना माझंच पुस्तक वाचलेलं. गेली दहा वर्षं त्या आपल्या सातवीच्या वर्गाला रोज मधल्या सुट्टीनंतर ते वाचून दाखवतात. त्यांनी एसटी ठरवून अख्खा वर्ग सांगलीला आणला होता आणि पुस्तकावरचं माझं नाव शोधून, कॉलेजात फोन करून, मला गाठलं होतं. पोरांनी मला गुलाबाचं फूल दिलं. बाईंनी ओळख करून दिली, "हेच ते सर." पोरं माझ्याकडे, नाव मीच वल्हवत आणल्यासारखं बघत राहिली.

सिनेमा संपल्यावर ती पोरं रडली नाहीत. ती बाईंकडे बघत राहिली. बाईंचा चेहरा उतरलेला होता. बाहेर एका स्थानिक चॅनेलचा माइकवाला प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया गोळा करत होता. त्याला कुणीही चालत होतं. एकानं 'लय भारी' म्हटलं, एकानं 'लय वंगाळ' म्हटलं, आणि दोघंही तितक्याच आनंदानं कॅमेऱ्यात बघत होते. मग माइक बाईंसमोर आला.

"हा कादंबरीचा खून आहे," त्या म्हणाल्या. "ती परत येते. ती परत येते म्हणूनच ती गोष्ट आहे. आणि हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही, पुस्तकाचे अनुवादक इथं उभे आहेत."

माइक माझ्याकडे वळला. तीसेक पोरं, बाई, आणि मोटारसायकलवाले ते दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "प्रत्येक माध्यमाची गरज वेगळी असते."

हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा म्हटलेलं आहे. त्याला काही अर्थ नाही. माइकवाल्यानं मान डोलावली.

इथवर मी नुसता भित्रा होतो. पुढं जे केलं त्याला भित्रेपणा म्हणणंही सोयीचं होईल. आठवड्यानं बाईंचा लेख पोस्टानं आला. हातानं लिहिलेली आठ पानं. सिनेमानं कादंबरीचा शेवट कसा मारला, याबद्दल. पुण्याच्या एका मासिकानं तो मागवला होता. सोबत चिठ्ठी होती, 'सर, शुद्धलेखन एकदा बघाल का, आणि मूळ शेवटाबद्दल दोन ओळी लिहून द्याल का? पोरांना छापलेला लेख दाखवायचा आहे.'

एक फोन केला असता तर काम झालं असतं. बाई, लेख पाठवू नका, चूक माझी आहे. एवढंच. मी लाल पेन घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलो. चौदा चुका निघाल्या. मनात म्हणालोही, मराठीच्या बाई आणि हे शुद्धलेखन. शेवटी समासात लिहिलं, 'लेख स्वयंपूर्ण आहे. माझ्या ओळींची गरज नाही.' आणि परत पाठवून दिला.

लेख छापून आला. दोन दिवसांत त्याचा फोटो फिरू लागला, शेजारी इंग्रजी पुस्तकाचं शेवटचं पान. या सिनेमाच्या भक्तांची शहरी जात आणखी निराळी. मूळ इंग्रजीत वाचलं, एवढ्याच भांडवलावर ते मराठीत वाचणाऱ्यांना हसत होते. 'बाईंनी कुठली कादंबरी वाचली?' 'गावाकडची आवृत्ती.' 'तिकडं नदीला पूल आहे वाटतं.' त्यातल्या बहुतेकांनी पहिला सिनेमा आल्यावर पुस्तक विकत घेतलं असणार. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या पुस्तकाशी माझा संबंध त्याला ठाऊक नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला.

"सर, इंग्रजी पुस्तक मागवलं मी. शेवटची तीस पानं वाचली. डिक्शनरी घेऊन बसले, तीन दिवस गेले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकच विचारते. मराठीतला शेवट मूळचा नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"लेख तपासला तेव्हा?"

"हो."

त्यांच्या पाठीमागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मी क्षमा मागायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "मला काही सांगू नका. लोकांनी हसायचं ते हसून झालं. पण सिनेमा खोटा आणि पुस्तक खरं, असं मी वर्गात फळ्यावर लिहून दिलंय. ते पुसायला तुम्ही या. मी पुसणार नाही."

त्या मासिकाला मी त्याच दिवशी कबुलीचं पत्र लिहिलं. ते सोपं गेलं. संपादक माझ्या ओळखीचे नाहीत. आष्ट्याला जायचं टाळायला मात्र मी चार दिवसांत सहा कारणं शोधली आणि पाचव्या दिवशी गेलो.

वर्गात मला खुर्ची दिली नव्हती. मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि सांगितलं. मूळ पुस्तकात ती परत येत नाही. सिनेमा बरोबर आहे. परत येण्याचं ते दीड पान माझं आहे.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, "म्हंजी नाव तुमीच माघारी आणली व्हय?"

"हो."

"आन् ती घाटाला लागती, त्यो घाट कुटला?"

"सांगलीचा. लिहिताना माझ्या डोळ्यासमोर तोच होता."

"तरीच," तो शेजारच्याला म्हणाला, "मी तुला म्हनलं हुतं का न्हाई, आमच्या सांगलीच्या मामाच्या घरामागं तसल्याच पायऱ्या हायती."

"पर सर, असं का क्येलं?" मागून कुणीतरी विचारलं. "खरा शेवट आवडला न्हाई तुमाला?"

इथं मला पळवाट होती. हो म्हटलं असतं तर पोरांनी मला माफ केलं असतं. कदाचित बाईंनीही केलं असतं.

"मी तो वाचलाच नव्हता," मी म्हणालो. "तीस पानं राहिली होती. कंटाळा आला."

"मग आमी परीक्षेला शेवटचा धडा न्हाई वाचला तर चालंल का, बाई?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खिडकीजवळची एक मुलगी इतका वेळ वहीवर रेघोट्या मारत होती. तिनं मान वर केली आणि कसलाही राग न आणता म्हणाली, "तुमाला वाटलं आसंल, ह्येंला काय कळतंय."

"हो," म्हणालो. "तसंच वाटलं होतं."

तिनं मान हलवली आणि पुन्हा रेघोट्या मारायला लागली. थिएटरातल्या त्या रडणाऱ्यांची, चिडणाऱ्यांची मी महिनाभर मनातल्या मनात टवाळी केली होती. नक्कल करून बायकोला दाखवली होती. ती माणसं निदान शेवटपर्यंत बसली होती.

फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून बाईंच्या अक्षरात ते वाक्य होतं. मी डस्टर घेतलं आणि पुसलं. पोरांनी महिनाभर त्याला हात लावला नव्हता, त्यामुळं खडू सहज निघेना. पाण्याचं फडकं मागावं लागलं.

मी निघायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "तास संपलेला नाही, सर. बसा."

तिसऱ्या बाकावर दोघं सरकली आणि मी गुडघे आवळून बसलो. बाईंनी टेबलावरून ते जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. त्यात पिवळ्या कागदाच्या खुणा ठेवलेल्या होत्या. हळूहळू, प्रत्येक वाक्याला थांबत, त्या मराठीत सांगू लागल्या. लिहून काढलेलं नव्हतं. बोलायची मराठी होती, आष्ट्याची. तिनं वल्हं खाली ठेवलं. पल्याड कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं तिथं अंधार असेल, तर तिथं चूल पेटलेली होती आणि चुलीपाशी कुणी बसलेलं नव्हतं. म्हणून मग तीच बसली.

वर्गात कुणी हालत नव्हतं. मीही पुढं काय होतं त्याची वाट बघत होतो. मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या पानावर बाई अडल्या. ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो इंग्रजी शब्द दोनदा पुटपुटला. तो मला येत होता. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मग आणखी दोघंतिघं. बाईंनी मान वर केली नाही.

"हा शब्द मला येत नाही," त्या वर्गाला म्हणाल्या. "उद्या बघून सांगते." आणि पेन्सिलीनं त्याखाली रेघ ओढून पुढं वाचू लागल्या.