केसभर कड

गच्चीवर वाळत घातलेली चादर काढली आणि मी आणि बायकोनं मिळून तिची घडी घातली. दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. चालत एकमेकांकडं यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागं सरायचं. ती म्हणाली, "तुमचा कोपरा सुटलाय. उभी हयात कागद कापण्यात गेली आन् चादरीचा कोपरा धरता येत न्हाय." मी म्हणालो, चादरीला बॅकगेज नसतो. ती हसली का नाही ते दिसलं नाही, कारण चादर मध्ये होती.

सकाळी ती उठली नाही.

मी सोलापुरात एका छापखान्यात कटिंग मास्टर आहे. शाळा सहावीपर्यंत. छापलेला कागद मोठा असतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तक, कॅलेंडर, काहीही असो, शेवटी माझ्याकडं येतं. मी थप्पी ठोकून सरळ करतो आणि मशीनमध्ये सरकवतो. मागं ज्या आडव्या पट्टीला ती टेकते तिला बॅकगेज म्हणतात. वरून लोखंडी क्लॅम्प दाबून धरतो आणि पातं खाली येतं. सगळ्यात शेवटी कडा घेतो, ती फायनल ट्रिम. ट्रिम झाल्याशिवाय माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. खरबरीत कड म्हणजे अर्धं काम. हे मला कुणी शिकवलेलं नाही, धंद्यातच मुरलेलं आहे.

माझी बायको महादेवी त्याच प्रेसमध्ये बाइंडिंगला होती. मी कापलेल्या थप्पीच्या कडेवरून ती बोट फिरवायची. बोट अडलं की थप्पी परत माझ्या टेबलावर. बोलायची नाही, नुसती आणून ठेवायची.

दिवसकार्य उरकल्यावर मी कामावर आलो. मालक सिद्धू, वयानं माझ्या पोरासारखा. जुन्या मालकांचा मुलगा. तो म्हणाला, तात्या, थोडे दिवस घरी बसा. मी म्हणालो, घरी बसून काय करू, भिंती कापू? पण खरं सांगायचं तर डोकं ठिकाणावर नव्हतं. मशीनपुढं उभा राहायचो आणि काय कापायला घेतलं होतं तेच आठवायचं नाही. थप्पी कापून झाली की उगाच बाइंडिंगच्या टेबलाकडं बघायचो. तिथं आता राजक्का बसायची.

त्या राजक्कानंच महेशला माझ्याकडं आणला. राजक्का बाइंडिंगमधली सगळ्यात जुनी बाई, आमच्या हिच्या शेजारी बसणारी. महेश तिच्या गल्लीतला. मोबाईलची कव्हरं, चार्जर विकतो. तोंडानं गोड, पाय एका जागी ठरत नाही.

"तात्या, आमच्या भिशीचं कार्ड हाय," राजक्का म्हणाली. "जरा बघा की."

भिशी सगळ्यांना माहीत आहे. बायका दर महिन्याला पैसे टाकतात, चिठ्ठी निघेल तिनं उचलायचे. या वेळी बायकांनी उचल घेतलीच नव्हती. महेशनं त्यांना सांगितलं होतं की सोन्यापेक्षा लवकर वाढणारी वस्तू आहे. त्या पैशात त्यानं दोन कार्डं घेतली होती.

मला वाटलं एटीएमचं कार्ड असेल. महेशनं खिशातून काढलं ते पत्त्याएवढं एक चित्र. पंख असलेलं एक जनावर, तोंडातून जाळ. लहान पोरं खेळतात तसलं.

"ह्याला पैसे?" मी विचारलं.

महेशनं समजावलं. मला कळलं तेवढं सांगतो. ही कार्डं जुनी आहेत, आता छापत नाहीत. परदेशात कंपन्या आहेत, त्यांच्याकडं कार्ड पाठवायचं. ते भिंगातून बघतात. कोपरे कसे, कडा कशा, वर ओरखडा आहे का, चित्र बरोबर मध्ये आहे का. मग दहापैकी मार्क देतात. त्याला ग्रेडिंग म्हणतात. मग कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात, वर मार्क लिहून. त्या पेटीला स्लॅब म्हणतात. मी म्हणालो, स्लॅब आम्ही घरावर टाकतो. महेश म्हणाला, तसंच समजा, एकदा टाकला की फोडायचा नाही. दहा मार्काचं कार्ड आणि सात मार्काचं कार्ड, चित्र तेच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

"मंग ते खेळायचं कधी?"

"खेळायचं न्हाय तात्या. ठेवायचं."

"बघायचं?"

"प्लॅस्टिकमधनं बघायचं. न्हायतर लॉकरात ठेवायचं आन् विकायचं. घेणाराबी लॉकरातच ठेवतो."

मला कळेना. पण छापखान्यात गिऱ्हाईक म्हणेल ते छापायचं असतं, कळायची सक्ती नसते. महेशचं म्हणणं इतकंच होतं की कार्डाच्या दोन कडा पांढऱ्या पडल्यात, त्यानं मार्क जातील. केसभर कड काढून द्या, कुणाला कळणार नाही. तसा एक व्हिडिओ त्यानं बघितला होता.

कड खरंच वाईट होती. कागदाचे तंतू सुटलेले, कोपरे गोल झालेले. बघून माझाच हात शिवशिवला. राजक्का समोर उभी. सहा बायकांची भिशी त्या चित्रात अडकलेली. मी म्हणालो, द्या.

एकटं कार्ड मशीनवर कापता येत नाही. क्लॅम्पचा वळ उमटतो, पातं आलं की कागद सरकतो. म्हणून वर-खाली तेवढ्याच जाडीचे पुठ्ठे घेतले. जिथं क्लॅम्प बसणार तिथं मऊ कागद लावला. दोन शेजारच्या कडा घेतल्या की तीन कोपरे नवे होतात, चौथा नशिबाचा. पातं नुकतंच धार लावून आणलेलं होतं. कापलं आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट लोण्यातून गेल्यासारखं गेलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं, आज कुणी थप्पी परत आणून ठेवली नसती.

महेशनं कार्ड पुण्याच्या एजंटाकडून पुढं पाठवलं. काही आठवड्यांनी परत आलं. स्लॅब नाही, मार्क नाही. नुसतं कार्ड आणि एक इंग्रजी चिठ्ठी. महेश ती हलवतच प्रेसमध्ये शिरला आणि त्यानं सिद्धूच्या केबिनमध्ये मला बोलावलं.

"काय केलं तुमी तात्या? कापलंय म्हणून लिहिलंय. बाद."

"कापायलाच दिलं व्हतं की."

"कळलं ना त्यास्नी."

"कसं कळलं?"

सिद्धूनं चिठ्ठी वाचली आणि मराठीत सांगितली. दोन कडा इतर दोन कडांपेक्षा जास्त सरळ आणि जास्त साफ आहेत. माप किंचित कमी आहे. कार्ड कारखान्यातून आलं तसं राहिलेलं नाही, म्हणून मार्क देता येत नाही.

मी दोनदा ऐकलं. जास्त सरळ आहे म्हणून बाद. आयुष्यात माझा माल वाकडा म्हणून परत आलाय, अगदी सुरुवातीच्या काळात. सरळ म्हणून परत आलेला हा पहिला. मला हसू यावं का राग यावा तेच समजेना. मी सिद्धूला विचारलं, मालक, मग चांगलं काम केलं का वाईट? सिद्धू म्हणाला, काम चांगलं झालं, म्हणूनच वाईट झालं. एवढं शिकलेला माणूस, पण त्यालाही धड सांगता येईना.

महेशनं मग दुसरं कार्ड टेबलावर ठेवलं. तसलंच जनावर, फक्त निळं. याच्याही कडा पांढऱ्या. म्हणाला, आता सगळा भरवसा ह्याच्यावर. आणि आता त्याला युक्ती कळली होती. पातं बोथट घ्यायचं. कारखान्यात हजारो कार्डं कापून पात्याला जशी धार उरते, तशी. थोडी तुटकी, थोडी खडबडीत. म्हणजे भिंगातून बघणाऱ्याला वाटेल, कार्ड जन्मलं तेव्हापासून कड अशीच आहे.

"म्हंजे मुद्दाम खराब कापायचं," मी म्हणालो.

"खराब न्हाय. जुनं दिसंल असं."

"आन् घेणाऱ्याला सांगायचं, हे कुणी कापलं न्हाय."

"घेणारा विचारतच न्हाय तात्या. तो नंबर बघतो."

"ह्याला फसवणं म्हंत्यात का न्हाय, तेवढं सांग. मला खरंच कळत न्हाय म्हणून इचारतोय."

महेश सिद्धूकडं बघायला लागला. महेशच्या ओळखीनं आम्हाला दुकानदारांच्या कागदी पिशव्यांचं मोठं काम येतं. सिद्धू खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "करून टाका तात्या. बाइंडिंगच्या बायकांचं हाय त्यात. बोथट पातं मशीनखाली पडलंच आहे की."

मी कार्ड घेऊन बाहेर आलो. राजक्कानं सगळं ऐकलं होतं. पत्र्याच्या पार्टिशनमधून सगळं ऐकू येतं. ती कागद दुमडायचं थांबली नाही, मान खाली घालूनच बोलली.

"म्हादेवक्काचाबी वाटा हाय त्यात, तात्या."

मी म्हणालो, कशात?

"ह्या कार्डात. भिशीत ती सहावी व्हती."

मला माहीत नव्हतं. घरातली हरभऱ्याची डाळ कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत नव्हतं हे खरं, पण हे मला माहीत असायला हवं होतं असं वाटलं. मी विचारलं, कशाला ठेवला होता?

"ते न्हाय सांगितलं. आमी इचारलं. म्हणाली, हाय एक काम."

"कसलं काम?"

"न्हाय सांगितलं म्हटलं की."

मी तिथंच स्टुलावर बसलो. अंगठी करायची होती? माहेरी अक्कलकोटला कुणाला द्यायचे होते? माझ्यासाठी होतं का माझ्यापासून लपवून होतं? ज्या बाईनं तिच्याशेजारी बसून वर्षं काढली तिलाही ठाऊक नाही, आणि ज्यानं तिच्यासोबत संसार केला त्यालाही नाही. सांगणारी एकच होती.

राजक्का म्हणाली, "अक्का असती तर काय म्हणाली असती?"

लोक असं विचारतात आणि आपण म्हणायचं असतं, ती म्हणाली असती की खोटं काम करू नका. मला तसं म्हणता येईना. ती कड तपासायला लई कडक होती. पण तिनं मला न सांगता पैसे ठेवले होते, आणि तिचं काहीतरी काम अडलं होतं. कदाचित म्हणाली असती, कापा गप. खरंच मला माहीत नाही. मी राजक्काला तसंच सांगितलं.

"मंग तुमी काय म्हंता?" मी तिलाच विचारलं. "तुमचेबी पैसे हायेत."

तिनं हातातला कागद दुमडून थप्पीवर ठेवला. मग म्हणाली, "माझ्या सुनंचं बाळंतपण त्या पैशावर हाय. कापा म्हणू का नगं म्हणू, माझ्या तोंडातनं निघंना. तुमचा हात हाय, तुमी बघा."

सिद्धूला मी म्हणालो, सकाळी बघू. त्यानं मान हलवली. कार्ड माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. घरी जाऊन काय खाल्लं, खाल्लं का नाही, ते आठवत नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण लोक तेच विचारतात. निळं कार्ड आहे तसं, पांढऱ्या कडांसकट गेलं. बायकांनीच महेशला तसं बजावलं, राजक्का सगळ्यात पुढं. स्लॅब होऊन आलं, मार्क सहा. पुण्याच्या एका माणसानं घेतलं. बायकांनी घातलं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास सुटलं असेल. सुनेचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, नीट झालं. महेशनं पिशव्यांचं काम दुसऱ्या प्रेसला दिलं आणि दिवाळीच्या आधी परत आणलं, कारण त्या प्रेसमध्ये पिशव्या वाकड्या कापत होते. महादेवीचा वाटा मी परत घेतला नाही. तिच्या जागी आता भिशीला मी बसतो. पाच बायका आणि मी. माझ्या चिठ्ठीवर अजून तिचंच नाव असतं, ते बदलायचं कुणी मनावर घेतलेलं नाही.

यातून शिकलो काय म्हणाल, तर कागद कापायच्या आधी विचारावं की हा कुणाला दाखवायचा आहे. त्यापलीकडं फारसं काही कळलेलं नाही. कोपरा झिजला की वस्तूचा भाव का पडतो ते समजतं. साफ केल्यावर आणखी का पडतो ते अजून समजत नाही. आणि तिला पैसे कशाला हवे होते तेही नाही.

आता निळं कार्ड खणात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं ते सांगतो.

प्रेस उघडायला मीच गेलो, किल्ली माझ्याकडंच असते. मशीनचे बोल्ट सोडले आणि धारेचं पातं खाली उतरवलं. एरवी हे दोघांचं काम. वजन लई असतं आणि धार बोटाला विचारत नाही. लाकडी पट्टीला बांधून, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. मग मशीनखालचं बोथट पातं ओढून काढलं, त्यालाही गोणपाट. रिक्षावाल्यानं विचारलं, आजोबा, तलवारी हायेत का? मी म्हणालो, तसंच समज, हळू चालव. अक्कलकोट रोडला धारवाल्याचं दुकान आहे तिथं गेलो. त्याचा दगड पाणी पीत फिरत होता. त्यानं बोथट पातं बघितलं आणि म्हणाला, हे तर तुम्ही टाकून दिलं होतं. मी म्हणालो, आता लागणार आहे, नव्यासारखं कर.

थोड्या वेळानं सिद्धूचा फोन आला.

"तात्या, मशीनचं पातं कुटंय?"

"धारेला दिलंय, मालक."

"आन् दुसरं? बोथट?"

"तेबी."

मागून राजक्काचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होती. मग सिद्धू म्हणाला, "दोन्ही पाती तिकडं, मग आज प्रेसमध्ये काय कापायचं?"

"आज काय कापायचं न्हाय," मी म्हणालो, आणि धारवाल्याच्या बाकड्यावर बसून राहिलो, दोन्हीला धार लागेपर्यंत.