यानातली बाई स्वतःचं काय बोलते?

नव्वद सालानंतरची गोष्ट. सेनगावकडच्या आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होते, त्यातला एक आमचा. लाइट गेली की धाकटे दीर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे नि टीव्हीला जोडायचे. रविवारी एक जुनी परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. माणसं यानात बसून ताऱ्यांमधून हिंडायची. घरचे पुरुष पुढं बसायचे. मी नि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो.

मला ताऱ्यांचं फार काही नव्हतं. पण त्या यानात एक बाई होती. गड्यांसारखेच कपडे, त्यांच्या बरोबरीनं ड्युटी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढ्या लोकायच्या भाकरी कोण करतं तिथं?"

"भिंतीतून ताट निघतं, आत्याबाई."

"मंग ही बाई काय करती दिसभर?"

बरोबरच होतं त्यांचं. मग मी तेवढंच बघायला लागले. ती दिव्यांच्या भिंतीपुढं उभी असायची. दिवा लागला की यानाच्या मुख्याला सांगायची, साहेब, निरोप आलाय. साहेब काही बोलले की ते पलीकडं कळवायची. झालं तिचं काम. मला वाटायचं, ही असते बरोबरीनं, पण स्वतःचं काही बोलते की नाही? एकदा सगळे गडी कुठल्याशा ग्रहावर अडकले आणि यान हिनं सांभाळलं. हुकूम दिले, सगळ्यांना सोडवून आणलं. चुलीवरची भाजी करपली माझी त्या दिवशी. पण पुढच्या रविवारी बाई परत दिव्यांपुढं, आणि कोणी त्याचा विषयसुद्धा काढला नाही.

"काहून असं?" मी मालकांना विचारलं.

"सिरीयल हाय ती," ते म्हणाले.

त्याच सुमारास मी ग्रामपंचायतीची मेंबर झाले होते. बायकांची राखीव जागा. मीटिंगला मालक जायचे, सही मी घरी करायची. सगळ्याच मेंबर बायकांचं तसं होतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला हापसा बंद पडला. बायका शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहून राहिल्या होत्या, आणि मालक दर मीटिंगहून येऊन म्हणायचे, बोलायचं राहूनच गेलं. शेवटी मी म्हटलं, यावेळी मीच जाते.

अडचण एकच. सरपंच म्हणजे माझे चुलत सासरे. आमच्यात सून अशा वडीलधाऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. तिसऱ्याला सांगायचं, त्यांना म्हणावं असं असं. ते समोर बसलेले असले तरी.

तर मी ग्रामसेवकाला म्हटलं, "मामंजीला म्हणावं, हापसा बंद हाय. बायकायला लई तकलीफ होऊन राहिली. ह्याच आठवड्यात दुरुस्त करा."

तो बाहेरगावचा, नवीन. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सरपंचांकडं. "वहिनींचं हापशाबद्दल काहीतरी म्हणणं आहे," म्हणाला.

"सूनबाईला म्हणावं, बघू," सरपंच म्हणाले.

"वहिनी, बघू म्हणतात."

पुढचा विषय निघाला. रस्त्याच्या मुरुमाचा. तकलीफ, आठवडा, सगळं मधल्यामधेच गळून गेलं होतं. माझ्या बोलण्यातलं सरपंचांपर्यंत पोचलं ते फक्त 'काहीतरी'.

मी पदर कपाळापर्यंत ओढला, नजर खालीच ठेवली आणि बोलले, "बघू न्हाई, मामंजी. दुरुस्तीवाला कवा येणार, ते सांगा."

मुरुमाचं बोलणं थांबलं. कोणीतरी उगीच खोकललं. सरपंच सवयीनं ग्रामसेवकाकडं वळले, म्हणाले, "सूनबाईला म्हणावं..." आणि तिथंच थांबले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सोमवारी माणूस पाठवतो."

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. सासूबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या.

"तू सरपंचासमोर बोललीस म्हणं?"

"व्हय, आत्याबाई."

त्यांनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं उभी राहिले.

"मंग," त्या म्हणाल्या, "पाणी कवा येणार?"