षण्मासिकाचा तिसरा अंक

कॉलेजच्या ग्रंथालयात तिला सगळे सूचीताई म्हणत. कुणी पुस्तक मागायचा अवकाश, तिचे पाय आपोआप त्या कपाटाकडे वळत. एकोणतीस वर्षांत तिच्या ताब्यातलं एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. हे ती कधी सांगत नसे. ग्रंथपालच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तिची लेक त्याच कॉलेजात पीएचडी करत होती. प्रबंध तयार होता. फक्त पाच संदर्भांच्या मूळ प्रती मार्गदर्शकांना पाहायच्या होत्या. लेकीने यादी आईच्या हातात ठेवली. "काढून ठेव गं. सोमवारी दाखवायच्यात."

सूचीताईने कपाटं पालथी घातली. शिडीवर चढून-उतरून गुडघे बोलू लागले, पण चार पुस्तकं काही सापडेनात. तिला घास गोड लागेना. माझ्या ताब्यातून जातील कशी? मागितलेलं पुस्तक मुळात नसेलच, हे तिच्या मनात आलं नाही. पुस्तकांत जन्म काढलेल्या माणसाच्या ते येतही नाही. यादीत आहे म्हणजे कुठेतरी आहेच. शेवटी मनावर दगड ठेवून तिने चार चिठ्ठ्यांवर 'गहाळ' लिहिलं, खाली सही केली आणि लेकीला फोनवर तसं कळवलं. अशी चिठ्ठी जोडली की मार्गदर्शक मूळ प्रत मागत नसत.

पाचवा संदर्भ नियतकालिकातला होता : वर्ष अकरावे, अंक तिसरा. ते अंक तर तिने स्वतः बांधून घेतले होते. तिने अकरावं वर्ष काढलं. पहिला अंक. दुसरा अंक. मग पुठ्ठा. ती तिथेच स्टुलावर बसली. ते षण्मासिक होतं. वर्षाला दोनच अंक निघायचे.

घरी आल्याआल्या तिने यादी लेकीपुढे धरली. "ही तू केलीस?"

"एआयने काढून दिली. सगळेच करतात, आई."

"आणि तू तपासली नाहीस?"

"तीनशे संदर्भ आहेत! कधी तपासू? बाकी प्रबंध माझा मी लिहिलाय."

"मग ही चार पुस्तकं?"

लेकीने मोबाईल उलटा ठेवला. "नाहीतच ती. मला काल कळलं."

"काल? अगं, मी सही आज दुपारी केली!"

"सांगणारच होते. पण तू गहाळ लिहिलंस म्हटल्यावर..." तिचा आवाज खाली आला. "पाचव्यावरही तेच लिही ना. तुझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत गं. माझा प्रबंध परत आला तर पाच वर्षं पाण्यात."

दोनच वर्षं. जणू आधीची एकोणतीस कुणी रद्दीत घातली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी बोलावलं. चार चिठ्ठ्या टेबलावर होत्या. "ताई, एका आठवड्यात चार? जुनी दाखल नोंदवही वाळवीने खाल्ली, तेव्हा तुमच्या शब्दाशिवाय माझ्याकडे काही नाही. ही पुस्तकं होती ना आपल्याकडे?"

काचेपलीकडे लेक फाईल छातीशी धरून उभी होती. आईकडे बघत नव्हती.

"होती," सूचीताई म्हणाली. "माझ्याच हातून गेली." आणि तिने पाचवी चिठ्ठी पुढे सरकवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "तिसरा अंक? हे षण्मासिक ना?"

"विशेषांक होता," ती म्हणाली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिने विषय सांगितला, संपादकाचं नाव सांगितलं, मुखपृष्ठ फिकट निळं होतं हेही सांगितलं. कुठे अडखळली नाही.

"तुम्ही सांगता म्हणजे असणारच," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी नव्या नोंदवहीत तो अंक सुवाच्य अक्षरात चढवला, पुढे 'गहाळ' लिहिलं आणि टोपण लावता लावता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "कपाटांच्या किल्ल्या तेवढ्या इथे ठेवून जा."