लंडनच्या नाटककाराचा लोअर हटमध्ये सत्कार

न्यूझीलंडच्या लोअर हटमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नियमावलीत एक कलम आहे. मंडळात ज्या लेखकावर कार्यक्रम होईल, त्याचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा. लेखक हयात असावा, असे त्यात म्हटलेले नाही. ही त्रुटी एका एकांकिकेमुळे उघड झाली.

एकांकिका माझ्या शेजारी राहणाऱ्या इंजिनिअरांची. भूकंपात पूल टिकतील का, हे तपासण्याच्या नोकरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. विषय होता सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज नाटककाराची उत्तरार्धातली कारकीर्द. नाटककाराची भूमिकाही तेच करणार होते. निवेदन माझ्याकडे होते. मी पुण्यात बरीच वर्षे वर्तमानपत्रात काढल्यामुळे तपशील तपासण्याचे कामही माझ्याकडे आले.

तपशील फारसे नव्हते. तरुणपणी या नाटककाराच्या नावावर नाट्यगृह भरे. पुढे तो नव्या लेखकांबरोबर अंक वाटून घेऊन लिहू लागला. मग व्यापारी संघांच्या मिरवणुकांसाठी लिहू लागला. किराणा व्यापाऱ्यांच्या गाड्यावरून गर्दीवर सुंठ आणि जायफळ उधळत. त्या गाड्यावरच्या पात्रांचे संवाद याचे. त्यानंतर नोंदी संपतात. त्याने लिहिणे कधी थांबवले, हे कुणाच्या लक्षात आले नाही. शेवटच्या प्रवेशात तो लेखणी मेजावर ठेवतो आणि निघून जातो. संवाद नाही, संगीत नाही.

इंजिनिअरांची मुलगी ऑकलंडला एका नाट्यगृहात प्रकाशयोजना करते. तिला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. शाळेत असताना मंडळाच्या एका कार्यक्रमाला आली होती, तेव्हा म्हणाली होती, “डॅड, इट्स ऑल थँक-यूज.” त्यानंतर ती आली नाही. या प्रयोगासाठी विमानाने येणार होती. कुणाचेही आभार न मानता संपणारे एक नाटक तिने पाहावे, एवढीच इंजिनिअरांची इच्छा होती.

कार्यवाहांच्या घरी बैठक झाली.

“अहो, पण तो मेलाय,” इंजिनिअर म्हणाले.

“मग मरणोत्तर करू,” कार्यवाह म्हणाले. “मरणोत्तर सत्कार घरचे लोक स्वीकारतात.”

“चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या घरचे कुठून आणू?”

“म्हणूनच म्हणतो. तुम्ही त्याच्या वेषात असणारच. तुम्हीच घ्या.”

“साहेब, त्याला शेवटी कुणी विचारलं नाही, हेच तर नाटक आहे!”

“मग? इंग्रजांनी नाही विचारलं, आपण विचारू. यात वाईट काय आहे?”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. कलमात अपवाद नाही, असे मी सांगितले. ते खरे होते. इंजिनिअर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अखेर तडजोड झाली. सत्कार होईल, पण नाटक पूर्ण संपल्यावर. “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या बोलीत झकास, असे कार्यवाह म्हणाले आणि चहा सांगितला.

प्रयोग रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. इंजिनिअरांनी लग्नातली शेरवानी घातली होती. गळ्यातली इंग्रजी झालर घर गरम ठेवणाऱ्या हीटपंपच्या फिल्टरला घड्या घालून केलेली होती. नाटक ठीक चालले. मिरवणुकीच्या प्रवेशात सुंठ उधळल्यावर पुढच्या दोन रांगा शिंकत होत्या. मुलगी मागे, दाराजवळ उभी होती.

मिरवणूक गेली. नाटककार एकटा मेजाशी बसला. मान खाली, हातात लेखणी. इथे संहितेत दीर्घ विराम आहे. आमच्या कार्यक्रमांत रंगमंचावर कुणी एवढा वेळ गप्प राहिले, तर तो संवाद विसरलेला असतो किंवा कार्यक्रम संपलेला असतो. कार्यवाहांनी दुसरी शक्यता गृहीत धरली. ते शाल घेऊन विंगेतून आले, नाटककाराच्या खांद्यावर ती घातली, हातात नारळ दिला, कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि टाळ्यांच्या गजरात परत गेले.

इंजिनिअर उभे राहिले. एका हातात लेखणी होती, दुसऱ्या हातात नारळ. त्यांनी लेखणी मेजावर ठेवली. मग नारळाकडे पाहिले आणि तोही शेजारी ठेवला. शाल काढून तिची नीट चौपदरी घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि ते निघून गेले.

सत्काराचा नारळ मागे ठेवून जाणारा माणूस त्या हॉलमध्ये कुणी पाहिला नव्हता. टाळ्या मध्येच थांबल्या.

“रागावले का हो?” तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारले.

“श्श! गप्प बस.”

मग काहीच ऐकू येईना. आभारप्रदर्शनाचा कागद माझ्या हातात होता. कार्यवाहांनी विंगेतून वाचायची खूण केली. दुसऱ्यांदा केली. मी कागदाची घडी घातली. शेवटी ते स्वतः आले, मेजावरचा नारळ उचलला आणि मागच्या दाराकडे धावले. “अहो साहेब, नारळ राहिला!” हे कार पार्कमधून सर्वांना ऐकू आले.

मुलगी माझ्यापाशी आली. “वॉज दॅट इन द स्क्रिप्ट?”

लेखणी होती, नारळ नव्हता, असे मी सांगितले.

“ही शुड कीप इट इन,” ती म्हणाली. हे वडिलांना तिनेच सांगावे, असे मी सुचवले. ती मागच्या दाराने गेली. मी दारापर्यंत गेले. इंजिनिअर फिल्टर गळ्यात तसाच ठेवून गाडीला टेकून उभे होते. कार्यवाह त्यांच्यापुढे नारळ धरून होते आणि ते तो घेत नव्हते. मुलीने तो कार्यवाहांच्या हातातून काढून घेतला, बगलेत धरला आणि वडिलांना विचारले, त्या विरामात दिवा किती मंद हवा होता?