शनिवारचा तास आणि सुकेळी

आमच्या घरात ‘कंपल्सरी’ या शब्दाला देवासारखा मान होता. शाळेनं गणवेश कंपल्सरी केला की बाबा मुकाट्यानं कापड आणायचे. लस कंपल्सरी म्हटली की दंड पुढे करायचे. गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळी, नारळ आणि भाजी पिकवणारे माझे बाबा तसे कुणाला भीत नसत, पण जे टळत नाही त्याच्याशी भांडतही नसत. आणि जे टाळता येतं, ते करायला त्यांना कधी सवड नसायची. आणि मला नेमकं असंच, टाळता येणारं काहीतरी हवं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी दहावीत होते आणि माझं इंग्रजी फार कच्चं होतं. आमच्या बाई शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी जादा तास घ्यायच्या. ज्याला हवं त्यानं बसावं, नको त्यानं घरी जावं. आमच्याकडे तेच सुकेळीचे दिवस. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर चटईवर उन्हात घालायची, ऊन कललं की उचलून टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. घड कापणं आणि पिकवणं पुरुषांचं, सोलल्यापासून पुढचं सगळं बायकांचं. बाबांनी उभ्या आयुष्यात चटईला हात लावला नव्हता. शनिवारी दुपारी आई भाजी घेऊन बाजारात बसायची, म्हणजे मांडवाची राखण माझ्याकडे.

एकदा वर्गात बाईंनी त्या शब्दाची सगळी भावकी फळ्यावर मांडली. कंपल्सरी म्हणजे नियमानं बाहेरून लादलेलं. कंपल्सिव म्हणजे आतूनच आवरत नाही असं. काहींना मिश्री लावल्याशिवाय चैन पडत नाही तसं, स्वभावाला औषध नाही. आणि कंपेलिंग म्हणजे असं काही, की त्याच्यावरून लक्ष हलत नाही. मी उठून विचारलं, “बाई, कुणी लादलेलं नाही, सवयही नाही, तरी करायचंच, असं असेल तर काय म्हणायचं?”

“तू शनिवारी येणार आहेस का, ते आधी सांग,” बाई म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. “घरी तास कंपल्सरी आहे म्हणून सांग. मी तशी चिठ्ठी देते.”

मी नको म्हटलं. बाईंना ते आवडलं नाही, मला मात्र रस्ताभर बरं वाटत राहिलं. मला दहावीपुढे शिकायचं होतं, आणि कॉलेज काही कुणी कंपल्सरी करणार नव्हतं. आज सक्तीच्या नावानं सुटले तर सक्ती संपली की शाळाही संपणार. मग चिठ्ठी कुठून आणायची?

त्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसले होते. मी समोर उभी राहून सांगून टाकलं, “शनिवारी दुपारी इंग्रजीचा तास असतो. मी जाणार.”

“कंपल्सरी हाय?”

“नाही.”

“मग?”

“मला जायचंय. केळी पहाटे उठून सोलीन, मांडून जाईन, वर जाळं टाकीन. तास सुटला की येऊन उचलीन.”

“नि मधीच आभाळ आलं तर? कोन उचलेल?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते मी हो धरलं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी आभाळ आलंच. वर्गात एकदम अंधारलं. भिजलेल्या सुकेळीला बुरशी धरते आणि सगळा माल फेकावा लागतो. आईचे हात सोलून सोलून काळे पडले होते, ते डोळ्यांपुढे आले. पण उठले तर पुढचे सगळे शनिवार हातचे जाणार, हेही कळत होतं. मी बाकाची कड धरून बसून राहिले. बाईंनी त्या दिवशी काय शिकवलं ते देव जाणे.

घरी धावत पोचले तर मांडव रिकामा. पाऊस तर पडलाच नव्हता. बाबांनी एकट्यानं सगळ्या चटया उचलून पडवीत एकावर एक रचल्या होत्या, केळ्यांसकट. खालच्या चटयांवरचा पार लगदा झाला होता. बाजारातून आलेली आई कपाळाला हात लावून बसली होती.

“अवो, चटईवर चटई ठेवतात काय?” ती म्हणत होती.

कोपरापर्यंत चिकट झालेले हात घेऊन बाबा न्हाणीकडे गेले. मी दप्तर घेऊन तशीच उभी. आता तास संपले, मी मनात म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

बाबा हात पुसत बाहेर आले. लगद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पुढच्या शनिवारी जायच्या आधी,” ते म्हणाले, “कशी उचलायची ते मला दाखवून जा.”