मेव्हण्याच्या तोंडाचा वास

मेव्हण्याची इन्शुलिनची बाटली मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. औषध थंड ठेवायचं तर चांगलं थंडच ठेवू, एवढीच माझी अक्कल. सकाळी आत बर्फ झालेला. कोमट पाण्यात धरून मी तो वितळवला आणि कुणाला काही बोललो नाही. तीन दिवस तो बिचारा तेच निकामी पाणी टोचून घेत राहिला.

गोव्यात कोकणी की मराठी, ह्या भाषेचं आंदोलन पेटलं होतं. बस बंद, डिचोलीचा बाजार बंद, म्हणून तो आमच्याकडे अडकलेला. चौथ्या दिवशी घटाघटा पाणी पिऊन ओकू लागला. पोटात कळा, श्वास भात्यासारखा, आणि तोंडाला कुजत चाललेल्या फळांचा गोडसर वास. गावातले डॉक्टर म्हणाले, "म्हापशाच्या इस्पितळात न्या. आत्ताच. संध्याकाळ केलीत, तर नेऊन उपयोग नाही."

बायकोनं जुन्या लुगड्यानं भावाला माझ्या पाठीशी बांधलं. मी स्कूटर काढली.

वाटेत माड आडवा पाडलेला. थांबलो तोच एक दगड खांद्यावर बसला, दुसरा डोक्याच्या उजव्या बाजूला. आम्ही जोडीनं पडलो. पळायचा विचार मी केला, खोटं कशाला सांगू; पण पाठीला मेव्हणा. मारणारे कोकणीवाले की मराठीवाले, आजही सांगता येणार नाही. आमच्याकडे शिव्या दोघेही कोकणीतच देतात. दांडा बरगडीवर आला. एकानं मेव्हण्याचे केस धरून तोंड वर केलं, वास घेतला आणि हा दारू पिऊन हिंडतोय असं ठरवून टाकलं.

"फेणी मारून भोंवता रे हो! बंदाच्या दिसा!"

मग लाथा त्याच्या पोटात. "आजारी आहे," मी ओरडत होतो, पण तोंडात रक्त, कुणाला काय कळणार!

एक म्हातारा सगळ्यांना ढकलत आला. मेव्हण्याच्या तोंडाशी नाक नेलं.

"रावात रे! हांव भट्टी लायतां. फेणयेचो वास म्हाका कळना? ही फेणी न्हय. हो मरता."

फेणी गाळणाराच म्हणतो हा प्यालेला नाही, मरतोय, म्हटल्यावर ज्यांनी मारलं त्यांनीच माड बाजूला ओढला.

म्हापशाला मेव्हण्याला सलाईन आणि इन्शुलिन लागलं. मग माझं डोकं शिवता शिवता तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, "रक्तात साखर भरपूर, पण इन्शुलिनशिवाय ती पेशींत शिरत नाही. शरीराला वाटतं, उपासमार झाली. ते चरबी फोडतं, यकृत तिचं इंधन करतं. आपल्या उपासातही थोडं होतंच. ह्याच्यात आवरच राहिला नाही. त्या इंधनाचं आम्ल रक्तात साचलं. वास त्याचाच. पण तो इन्शुलिन घेत होता ना?"

मी बर्फाचा कप्पा सांगितला. डॉक्टरांनी पुढचा टाका जरा जोरात घातला.

तिसऱ्या दिवशी रस्ते मोकळे झाले आणि बायको आली. मेव्हणा उठून बसला होता. दाराजवळ उभं राहूनच मी तिला सगळं कबूल केलं. तिनं भावाला पेज भरवली, त्याचं तोंड पुसलं, मग माझ्या पट्टीकडे बघितलं.

"उजवी बाजू त्यांनी घेतली," ती म्हणाली, "डावी माझी. ह्याला आधी चालायला लागू दे."