भरून परत गेलेलं वाडगं

नागपूरला असताना नीलांबरीने गाडीवरचं व्हेज मंचुरियन इतकं खाल्लं होतं की गाडीवाला तिला नावानिशी ओळखायचा. चायनीज म्हटलं की ती जीव टाकायची. पण अमेरिकेत, नोव्हायला, शेजारच्या चिनी लिन काकूंनी पहिल्यांदा वाडगंभर मोमोसारखी डंपलिंग आणून दिली, तेव्हा मात्र बाईने वाडगं नाकापासून लांब धरलं. मोबाइलवर पाहिलेले साप आणि बेडूक डोळ्यांपुढे नाचले. हे लोक काहीही खातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं, ते आठवत नव्हतं. विचारायला तोंड होतं, पण तिने न विचारताच सगळी डंपलिंग कचऱ्यात टाकली.

वाडगं मात्र रिकामं कसं परत करायचं? आईने तसं शिकवलंच नव्हतं. तिने ते शंकरपाळ्यांनी भरून दिलं. काकूंना वाटलं, आवडलं. पुढच्या खेपेला डंपलिंग दुप्पट आली आणि दुप्पट टाकली गेली, वर चिवडा परत गेला. वर्षभर हेच चाललं. नीलांबरी ऑफिसातून येईपर्यंत सहा वर्षांच्या रुहीला शाळेच्या बसमधून उतरवून सांभाळायच्या त्याही लिन काकूच. आता खरं सांगायचं कोणत्या तोंडाने?

आणि त्या गुरुवारी सकाळी वाऱ्याने कचऱ्याचा डबा आडवा केला. नीलांबरीने खिडकीतून पाहिलं, तर पिशवी फाटलेली आणि काकू वाकून कचरा गोळा करताहेत. ती तशीच स्लिपर्समध्ये धावली. उशीर झाला होता. करंजीसारखी मुरड घातलेली कालची डंपलिंग ड्राइव्हवेवर पसरली होती, एकही न उष्टावलेली.

"रुहीला बरं नव्हतं," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मॉम, आय वॉजन्ट सिक," रुही दारातून म्हणाली.

काकूंनी आवाज चढवला नाही. "तुम्ही मांस खात नाही, म्हणून तुमच्यासाठी मी वेगळं भांडं घेतलं," त्या म्हणाल्या. "त्यात दुसरं काही शिजवत नाही." पिशवीला गाठ मारून त्या निघून गेल्या.

नीलांबरीचं ऑफिसात लक्ष लागेना. आज रुहीला घ्यायला कुणी येणार नाही, या धास्तीने ती मीटिंग कॅन्सल करून बस स्टॉपवर पोचली. काकू रोजच्यासारख्या रुहीचा हात धरून उभ्या होत्या. तिच्याकडे न बघता त्यांनी तो हात तिच्या हातात दिला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती वाडगं घेऊन काकूंच्या दारात गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाचं भांडं रिकामं नेत होती.

"आज यात काही घातलं नाही," ती म्हणाली. "जे असेल ते द्या. इथेच उभी राहून खाते."

काकूंनी वाडगं घेतलं आणि दुसरा हात दारावर ठेवला. दार लावून घेतात की काय, असं नीलांबरीला वाटलं.

"आज केली नाहीत," त्या म्हणाल्या. "पीठ मळलंय. आत या, सारण तुम्हीच भरा. म्हणजे खात्री राहील."

नीलांबरीला मान वर करवेना. तिने चपला काढल्या आणि ती आत गेली.